कादंबरी वाचताना डोळ्यांसमोर काहीच येत नाही. बाकीच्यांना खरंच चित्र दिसतं का?

हो, बऱ्याच जणांना खरंच दिसतं. पण तुम्हाला दिसत नाही म्हणून तुमचं वाचन अपुरं आहे का, असं तुम्ही पुढे विचारलंय, त्याला माझं उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे.

१८८० मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं आणि ते मनात किती स्पष्ट दिसतं, हे विचारलं. काहींना रंगांसकट दिसलं. काहींना, आणि त्यात शास्त्रज्ञही होते, असं काही दिसू शकतं हेच नवीन होतं. २०१५ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चित्रहीनतेला 'अफँटेशिया' हे नाव दिलं. हा आजार नाही. ॲनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सार कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमुल यांनाही मनात चित्र दिसत नाही, आणि त्यांचं सगळं आयुष्य चित्रपटांत गेलं!

शिवाय हा नुसता हो-नाहीचा मामला नाही. मला जागा दिसतात, माणसं नाही. गोष्टीतल्या घराचा जिना कुठे, खिडकी कुठल्या अंगाला, हे पहिल्या दोन पानांत पक्कं होतं, आणि लेखकाने पुढे वेगळं सांगितलं तरी माझा जिना जागचा हलत नाही. नायिकेचा चेहरा मात्र शेवटपर्यंत धूसरच राहतो, नाकाडोळ्यांचं कितीही वर्णन असो. तिचा आवाज तेवढा ऐकू येतो.

फरक पडतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात लोकांना अंधाऱ्या खोलीत भीतीदायक प्रसंग वाचायला दिले आणि त्वचेला सुटणाऱ्या बारीक घामावरून भीती मोजली. चित्र दिसणाऱ्यांची भीती वाचता वाचता वाढत गेली, अफँटेशिया असलेल्यांच्या बाबतीत जवळपास काहीच हललं नाही. भीतीदायक छायाचित्रं दाखवली तेव्हा मात्र दोन्ही गट सारखेच घाबरले. म्हणजे भावना शाबूत असतात, फक्त शब्दांपासून भीतीपर्यंतची एक वाट त्यांच्याकडे नसते. पण वाटा इतरही आहेत: संवाद, वाक्याची लय, पात्रांमधले ताण, पुढे काय होणार याची ओढ. मला तर सर्वांत जास्त रडवलेल्या पानांवर बघण्यासारखं काहीच नव्हतं, दोन माणसं बोलत होती एवढंच.

तेव्हा लांबलचक निसर्गवर्णनं खुशाल गाळा. संवादांवर उभ्या असलेल्या किंवा पत्रांतून उलगडणाऱ्या कादंबऱ्या वाचून बघा, त्या तुम्हाला जास्त भावतील असं मला मनापासून वाटतं.