रिपोर्टमध्ये 'हर-टू ३+' आहे. स्तनाच्या कर्करोगात या मार्करचं, म्हणजे गाठीची ओळख सांगणाऱ्या खुणेचं, काम काय?

हर-टू हे पेशीच्या बाहेरच्या आवरणावरचं प्रथिन आहे. 'वाढ, विभाग' हा संदेश ते आत पोचवतं. निरोगी पेशीवरही ते असतं, पण थोडं. साधारण १५ ते २० टक्के स्तन-कर्करोगांत त्याच्या जनुकाच्या प्रती वाढतात, पृष्ठभागावर हर-टूची गर्दी होते आणि ही प्रथिनं एकमेकांना जोडून बाहेरून इशारा नसतानाही संदेश देत राहतात. म्हणून अशी गाठ झपाट्याने वाढते.

  

'३+' म्हणजे पेशींवर हर-टू खूप जास्त आहे. पण ते वाचून घाबरू नका, हे मनापासून सांगते. पृष्ठभागावर असल्यामुळेच औषध हर-टूला पकडू शकतं. ट्रास्टुझुमॅब या अशाच औषधाला १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या रुग्णांचं भवितव्य खरोखर बदललं. हे औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) अधूनमधून करतात. तो चुकवू नका.

रिपोर्टमधले ईआर-पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे ग्राहक) मात्र पेशीच्या आत असतात, त्यांची औषधं वेगळी. आणि कुणाला '२+' म्हणजे अनिश्चित निकाल आला असेल, तर फिश तपासणी (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी) झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.