मेरिटचं काय?

प्रश्न : माझ्या मुलीला नीटमधे (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) चांगले मार्क असूनही सरकारी सीट थोडक्यात हुकली, तिच्यापेक्षा कमी मार्कवाल्याला कोट्यातून मिळाली. मग मेरिटचा काय उपयोग?

उत्तर : ताई, मुलीचं वाईट वाटणं अगदी खरं आहे, दोन वर्षं झोप मोडून अभ्यास केलेला असतो. पण एक बघा, केंद्राच्या संस्थांमधे एससी 15, एसटी 7.5, ओबीसी 27 आणि 2019 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) 10 टक्के, उरलेल्या 40.5 टक्के जागा ओपन, म्हणजे त्या कुणा एका जातीच्या नाहीत, मार्क असतील तर कुणीही घेऊ शकतो. आणि कोट्यातून आलेल्यालाही एमबीबीएस पास व्हायला तेवढेच मार्क लागतात, तिथे सूट नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2022 मधे नीटच्याच केसमधे सांगितलं की परीक्षेतले मार्क म्हणजेच मेरिट असं नाही, घरची परिस्थिती, शाळा, क्लास याचाही त्यात वाटा असतो. मला ते पटतं. मला जास्त राग येतो तो खासगी कॉलेजमधल्या एनआरआय कोट्याचा, 15 टक्क्यांपर्यंत जागा, तिथे कमी मार्क चालतात कारण फी भरायची ऐपत असते, त्यावर कुणी मेरिटचा विषय काढत नाही. मुलीला प्रवेशाच्या पुढच्या राउंडला जरूर बसवा, कटऑफ खाली येतो बऱ्याचदा.