फुलबाग प्रश्नोत्तरं : पाकीट उलटं वाचा

यावेळी पत्रं भरपूर आली आणि त्यातली बरीचशी एकाच गोष्टीबद्दल, की फुलदाणीत ठेवता येतील अशी लांब दांड्याची फुलं थंडीत आपल्याकडे घेता येतात का, आणि येत असतील तर कधी काय लावायचं. म्हणून कुंडीतल्या मुंग्या, कढीपत्त्याची पिवळी पानं वगैरे प्रश्न पुढच्या अंकात घेते, राग मानू नका.

प्रश्न (पुणे) : ताई, मी ऑनलाइन लार्कस्पर, स्नॅपड्रॅगन, स्वीट पी आणि कॉर्नफ्लॉवरचं बी मागवलंय. पाकिटावर लिहिलंय की कडाक्याची थंडी संपली की मार्च-एप्रिलमध्ये पेरा. तोपर्यंत बी फ्रिजमध्ये ठेवू का?

मार्चची वाट अजिबात बघू नका. ते पाकीट जिथं हिवाळ्यात जमीन गोठते अशा देशातल्या माणसासाठी छापलेलं आहे, त्याला थंडी संपल्याशिवाय पेरताच येत नाही. आपलं गणित बरोबर उलटं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ डिग्रीपर्यंत उतरतात, दिवसा छान ऊन असतं, आणि सगळ्यात छोटा दिवससुद्धा साधारण ११ तासांचा असतो, लंडनला तेव्हा जेमतेम ८ तास. म्हणजे तिकडच्यांना वसंतात जी हवा मिळते ती आपल्याला दिवाळीपासून होळीपर्यंत फुकट मिळते, आणि या फुलांना आपल्याकडे धोका थंडीचा नाहीच, फेब्रुवारी संपता संपता जे ऊन तापायला लागतं ना त्याचा आहे. तर पाकिटावरचा महिना विसरा, होळी धरा आणि तिथून मागे मोजत या. ज्या फुलाला पेरल्यापासून चार महिने लागतात ते ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मातीत गेलंच पाहिजे, नाहीतर ते नेमकं कळीवर आलं की पारा पस्तिशीला आणि मग दांडा वीतभर, फुलं चिमुकली.

आता तुमच्या चार बियांचं. स्नॅपड्रॅगन ट्रेमध्ये, आणि बी वर फक्त दाबायचं, मातीने झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. रोपाला पानांच्या चार-पाच जोड्या आल्या की शेंडा खुडा, जीव तुटतो पण खुडा, एका दांड्याऐवजी पाच-सहा मिळतात. लार्कस्परचं मात्र उलट, त्याला अंधार आणि गारवा दोन्ही हवं, ऑक्टोबर हीटमध्ये ते बी नुसतं पडून राहतं, म्हणून ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवा (तुमचा फ्रिज इथे कामाला आला) आणि दिवाळीच्या सुमारास थेट वाफ्यात पेरा, रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला खपत नाही. कॉर्नफ्लॉवरही थेट जागेवर. स्वीट पी रात्रभर भिजवून टाका, वेल चढायला जाळी आधीच बांधून ठेवा, आणि एकदा फुलायला लागला की दर दोन दिवसांनी फुलं काढत राहा, कारण शेंगा धरल्या की वेल फुलं द्यायचं थांबवतो. शेंगा दिसायला मटारासारख्या पण विषारी असतात, लार्कस्परचं झाडही तसंच, घरात लहान मुलं असतील तर नीट सांगून ठेवा.

आणि चारही गोष्टी एकाच दिवशी पेरू नका, पंधरा दिवसांच्या अंतराने दोन हप्ते करा.

प्रश्न (नाशिक) : मुलीच्या हट्टासाठी ट्युलिपचे कंद आणले होते. पानं मस्त आली, फूल मात्र जमिनीलगतच सुकलं. नाशिकला एवढी थंडी पडते तरी असं का?

कारण नाशिकची थंडी ट्युलिपच्या दृष्टीने थंडीच नाही. निफाडला पारा ५ च्या खाली गेल्याची बातमी आपण कौतुकाने वाचतो, पण तो दोन-चार पहाटेंचा मामला, दुपारी परत २५-२८. ट्युलिपच्या कंदाला सलग १२ ते १४ आठवडे ४ ते ७ डिग्री मिळावे लागतात, तेव्हा आतला दांडा लांब व्हायला तयार होतो. ते झालं नाही की कळी पानांच्या बेचक्यातच अडकते. श्रीनगरला ती थंडी आयती मिळते म्हणून तिथली बाग मार्च-एप्रिलमध्ये फुलते.

तरी हट्ट करायचाच असेल तर सप्टेंबरमध्ये कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा आणि डिसेंबरच्या शेवटी कुंडीत लावा, अर्ध्या सावलीत. पण त्या कप्प्यात सफरचंद, केळी, पिकलेलं कुठलंच फळ ठेवायचं नाही, फळातून इथिलिन नावाचा वायू सुटतो आणि त्याने कंदाच्या आतली कळी मरते, बाहेरून काही कळतसुद्धा नाही. फूल आलं तर एकदाच येणार, पुढच्या वर्षी तो कंद टाकून द्या. माझं मत विचाराल तर एवढ्या खटपटीत वाफाभर ग्लॅडिओलस होतो आणि त्याला फ्रिज लागत नाही.

प्रश्न (पुणे, कोथरूड) : शेवंतीची झाडं कमरेएवढी झालीत, पानं हिरवीगार, पण गेल्या वर्षी डिसेंबर संपला तरी कळी नाही. शेजारच्या काकूंनी माझ्याकडूनच रोपं नेली होती, त्यांच्याकडे फुलांचा नुसता खच. खत तेच, माती तीच. (आमच्या कुंड्या गेटजवळ आहेत, सोसायटीने नवीन एलईडी लावलाय त्यामुळे उजेड भरपूर असतो.)

कंसात जे लिहिलंत ना तेच उत्तर आहे! शेवंती रात्र मोजते. दिवस लहान आणि रात्र सलग मोठी झाली की तिला कळी धरायचा निरोप मिळतो, म्हणून आपल्याकडे ती कार्तिक-मार्गशीर्षात फुलते. गेटच्या दिव्याने तिची रात्रच होत नाही, तिला वाटतं अजून पावसाळ्याचे मोठे दिवस चालू आहेत, मग ती पानं काढत बसते. आणि याला फार प्रखर उजेड लागतो असंही नाही, रस्त्यावरच्या दिव्याचा मंद उजेडसुद्धा पुरतो. पॉलिहाऊसवाले हेच मुद्दाम करतात, झाड उंच हवं असेल तोवर मध्यरात्री काही तास बल्ब लावतात आणि फुलं हवी झाली की बल्ब बंद करून काळं कापड ओढतात.

कुंड्या हलवता येत असतील तर इमारतीच्या मागच्या अंधाऱ्या बाजूला न्या. नसतील तर संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचा मोठा खोका उलटा घालायचा आणि सकाळी सातला काढायचा, रोज, एकही नागा न करता, महिनाभरात कळ्या दिसायला लागतात. रंग दिसेपर्यंत चालू ठेवा. शिवाय शेंडे खुडणं ऑगस्टअखेर थांबवायचं, गणपती झाल्यावरसुद्धा खुडत बसलात तर फुलं लांबतात. खत वाढवू नका, नत्र जास्त झालं की पानांचंच राज्य.

प्रश्न (शिरूर तालुका) : दहा गुंठे रिकामे आहेत, विहिरीला मार्चपर्यंत पाणी पुरतं. सगळे म्हणतात पॉलिहाऊस टाक आणि जर्बेरा लाव, कर्ज मिळतं. काय करू?

दादा, कर्ज मिळतं हे पीक निवडायचं कारण होऊ शकत नाही. दहा गुंठ्यांत जर्बेऱ्याची साधारण सहा हजार रोपं बसतात, आणि ती वर्षभर पाणी मागतात, तुमच्याकडे तेच मार्चनंतर नाही. म्हणजे एप्रिल-मेला टँकर आणि वर हप्ता. पाण्याची सोय झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, आणि जायचंच ठरलं तर आधी तळेगाव दाभाडेला जिथं पणन मंडळाचं प्रशिक्षण होतं तिथला कोर्स करून या.

या वर्षी उघड्या रानात ग्लॅडिओ आणि अ‍ॅस्टर. ग्लॅडिओलस ३० बाय २० सेंटिमीटरवर लावतात, वाटा सोडून दहा गुंठ्यांत बारा-तेरा हजार कंद बसतील, पण एवढे एकदम घेऊ नका, कंदाचा खर्च हाच यातला मोठा खर्च आहे. सहा गुंठे ग्लॅडिओ, चार गुंठे अ‍ॅस्टर असं धरा. कंद लावण्याआधी बुरशीनाशकात बुडवून घ्या, मर लागली की अख्खी ओळ जाते. आणि काढणीनंतर तीन महिने कंद झोपलेला असतो, तो आत्ता कोणी स्वस्तात देत असेल तर वर कोंब सुटलाय का बघूनच घ्या. जातीप्रमाणे ६५ ते ९० दिवसांत दांडा येतो, म्हणून सप्टेंबरच्या शेवटी पहिला हप्ता, मग दर पंधरा दिवसांनी एक, म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नसराई, १४ फेब्रुवारी असं सगळं थोडं थोडं सापडतं. शेवटची लावण नोव्हेंबरच्या मध्याला, त्यापुढे नाही, कारण फूल काढल्यावर कंद पोसायला अजून सहा ते आठ आठवडे पाणी लागतं आणि तुमची विहीर मार्चला हात वर करते. काढताना खालची चार पानं झाडावर राहिलीच पाहिजेत, दांड्याच्या लोभाने बुडातून कापलंत तर पुढच्या वर्षीचे कंद गोटीएवढे निघतील.

खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की पहाटे काढायचं, उमललेला दांडा बाजारात कोणी घेत नाही. आणि दांडे उभेच ठेवायचे, टेम्पोत आडवे टाकले की शेंडे वर वळतात आणि मग गुलटेकडीला दहा काड्यांची गड्डी बघून आडत्या नाक मुरडतो, दादरलाही तेच.

अ‍ॅस्टरमध्ये राहुरी विद्यापीठाच्या फुले गणेश व्हाइट, पिंक, पर्पल, व्हायोलेट या जाती आपल्या हवेत चांगल्या येतात. काळी जमीन असेल तर गादीवाफेच करा, पाणी साचलं की संपलं. त्याच जागेत पुढच्या वर्षी परत अ‍ॅस्टर नको. आणि बी ताजंच घ्या, अ‍ॅस्टरचं जुनं बी उगवत नाही. झेंडू मी मुद्दाम सांगत नाहीये, दसऱ्याला सगळा जिल्हाच झेंडू आणतो.

प्रश्न (सावंतवाडी) : तुमची लार्कस्पर, स्नॅपड्रॅगन वगैरे आमच्याकडे होत नाहीत, रोपं जळून जातात. आम्ही काय करायचं?

तुमच्याकडे थंडी फक्त स्वेटर मिरवण्यापुरती असते, रात्र १८-२० च्या खाली फारशी जात नाही, त्यामुळे घाटावरची यादी सोडाच. तुमच्या हवेत जे होतं त्याचा पुणेकर हेवा करतात. नारळी-पोफळीच्या सावलीत हेलिकोनिया लावा, एकदा गड्डा बसला की वर्षानुवर्षं बघायला नको, फुलदाणीत आठ-दहा दिवस सहज राहतं. फक्त दोन-तीन पाकळ्या (म्हणजे ती रंगीत पानं) उघडल्यावरच कापा, कापल्यानंतर ती पुढे उघडत नाहीत. डेंड्रोबियम ऑर्किड नारळाच्या सोडणात बांधा. थंडीत झिनिया आणि कॉसमॉस घ्या, तेवढी उष्णता त्यांना आवडते. झिनिया काढण्याआधी दांडा मधे धरून हलवा, मान डुलली तर अजून दोन दिवस थांबा, ताठ राहिली तर काढा. निशिगंधही तुमच्याकडे छान, घाटावर थंडीत तो रुसतो.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया) : इथे हिवाळा सौम्य असतो, बर्फ नाही. आईला पुण्याला फोन केला तर ती म्हणते ऑक्टोबरमध्ये पेर. खरं का?

आईचं ऐका. पेरायचं ऑक्टोबरमध्येच, फक्त फुलं तिच्यानंतर दोन-एक महिन्यांनी येतील कारण तुमच्याकडे डिसेंबरचा दिवस साडेनऊ तासांवर येतो, रोपं तेव्हा नुसती मुळं पसरतात आणि मार्चमध्ये एकदम उठतात. तुमचा पाऊस थंडीत पडतो, त्यामुळे पाणी कमी घाला आणि रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा. आणि आम्हाला इथे जे धड साधत नाही ते रॅननक्युलस तुम्ही लावाच, दक्षिणेला कार्ल्सबादला त्याची अख्खी टेकडी मार्च ते मे फुललेली असते. कंद वाळलेल्या कोळ्यासारखे दिसतात, तीन-चार तास भिजवा आणि पाय खाली करून लावा.

प्रश्न (डोंबिवली) : मार्गशीर्षातल्या गुरुवारी कार्नेशन आणि जर्बेरा आणते. कार्नेशन दुसऱ्याच दिवशी मिटून जातं, फुलवाला फसवतो का?

फुलवाल्याला सोडा, कलशाजवळची पाच फळं लांब ठेवून बघा. वर ट्युलिपच्या उत्तरात आलेला तोच इथिलिन, पिकलेल्या केळ्यातून सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सहन होत नाही, पाकळ्या आत वळतात. उदबत्तीच्या धुराचंही तेच. पूजा झाली की फुलदाणी दुसऱ्या खोलीत न्या. एक लिटर पाण्यात चमचाभर साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि ब्लीचचे चार-पाच थेंब टाका, दांडा रोज अर्धा इंच तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. जर्बेऱ्याला मात्र वेगळी फुलदाणी द्या आणि पाणी दोन-तीन इंचच ठेवा, त्याचा केसाळ दांडा जास्त बुडला की कुजतो.