शकुंतलेचं बंद पडलेलं स्टेशन

प्रश्न : आमचं मूळ गाव दारव्ह्याजवळ. उन्हाळ्यात मुलाला शकुंतलेचं, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या रेल्वेगाडीचं, स्टेशन दाखवायला नेलं, तर रुळांमध्ये बाभळी उगवलेल्या. तो विचारतो, एवढ्या आडबाजूला इंग्रजांनी गाडी नेलीच कशाला? आणि ही लाईन सरकारच्या मालकीची नव्हती, हे खरं का?
– एक वाचक, लालबाग, मुंबई

उत्तर : मुलाला आधी कॉटन ग्रीनला, मुंबईतल्या कापसाच्या जुन्या बाजाराच्या भागात, न्या. काळाचौकीवरून चालत जाल. त्या नावातला कापूस म्हणजे आपल्या वऱ्हाडाची पऱ्हाटीसुद्धा. माणसं बसली ती नंतर; लाईन टाकली कापसासाठी.

मालकीचं म्हणाल, तर तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मुंबईतल्या किलिक निक्सन या पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, ११३ किलोमीटर, दुसरा अचलपूरला, ७६. गाड्या चालवायची जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली, पण हे रूळ कंपनीचेच राहिले. गाडी रेल्वेची, रूळ कंपनीचे, आणि त्याचा मोबदला करारानुसार कंपनीला!

रूळ अडीच फुटी. मूर्तिजापूरची मोठी लाईन रुंद. त्यामुळे छोट्या डब्यातला सगळा माल तिथे उतरवून मोठ्या डब्यात चढवावा लागे. माझे वडील तिथे हमाल होते. कापसाच्या गाठीत रुतवून ओढायचा त्यांचा लोखंडी आकडा आजही माझ्या कपाटात आहे. मूठ झिजून गुळगुळीत झाली आहे, अंगठा टेकायचा तिथे खळगाच पडलाय. शकुंतलेचा इतिहास विचारला की मला आधी तो खळगा आठवतो. त्या हातांची नोंद कुठल्या कंपनीच्या वहीत सापडायची!

इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. ते १५ एप्रिल १९९४ पर्यंत वाफेवर धावलं, मग डिझेल आलं. पुढे पुढे तर गार्डच उतरून तिकिटं फाडायचा. रस्ते झाले, एसटी वाढली, रूळ खिळखिळे झाले आणि गाडी थांबली.

पुन्हा गावी जाल तेव्हा स्टेशनच्या पाटीचा फोटो काढा. गावात कुणी जुने हमाल असतील, तर एका गाठीमागे काय मिळायचं तेवढं विचारून मला कळवा. वडिलांना ते विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.