‘टेन्शन घेऊ नका’ म्हणजे नेमकं काय करायचं?

दीर्घ आजार आणि मनावरचा ताण याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. आजार वेगवेगळे आहेत, पण ‘डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. हा सल्ला चूक नाही, अपुरा आहे. काय करायचं ते त्यात कुठेच येत नाही. गोळ्यांचा डोस मात्र इथलं वाचून कुणी बदलू नये.

वय ५४, मधुमेहाला अकरा वर्षं झाली. पथ्य, गोळ्या, चालणं या सगळ्याचा वीट आला आहे. महिनाभर शुगर मोजली नाही, ते मशीन डोळ्यांसमोरही नको वाटतं. नातवंडांत, भिशीत मात्र छान वेळ जातो. हे डिप्रेशन असेल का? (वाचक, सातारा)

नातवंडांत वेळ छान जातो, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. डिप्रेशनमध्ये बहुधा सगळ्यातलाच रस आटतो. तुमचा वीट मधुमेहापुरता दिसतो. त्याला संशोधनात ‘डायबेटिस डिस्ट्रेस’ असं स्वतंत्र नाव आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी तो मोजण्यासाठी १९९५ मध्ये २० प्रश्नांची आणि २००५ मध्ये १७ प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. दुसऱ्या प्रश्नावलीत या ताणाचे चार भाग पाडले आहेत: आजाराचं मनावरचं ओझं, डॉक्टरांविषयीची नाराजी, रोजच्या पथ्यपाण्याचा जाच आणि घरच्यांचं वागणं. आपल्याला यातलं सगळ्यात जास्त काय छळतं ते आधी ठरवा, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. डॉक्टर दोन मिनिटांत उठवतात हा त्रास असेल, तर रोज प्राणायाम करून तो जाणार नाही. पुढच्या भेटीला दोनच प्रश्न कागदावर लिहून न्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या तो कागद पुढे करा. निघताना दाराशी विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळत नाही.

तरी डिप्रेशन आहे की नाही, हे तपासून घ्या. त्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचं उत्तर ‘हो’ असेल तर बेरीज कितीही येवो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

आता मशीनचं. ते नकोसं होतं, कारण त्यावरचा आकडा परीक्षेच्या मार्कांसारखा वाचला जातो. १६० म्हणजे पास, २४० म्हणजे नापास. सुटी सुटी, कधीतरी केलेली मोजणी या नापासाच्या भावनेपलीकडे काही देत नाही. त्याऐवजी एक आठवडा एकाच जेवणाची जोडीने मोजणी करा. समजा, नाश्ता. पहिल्या घासाआधी एकदा आणि पहिल्या घासानंतर बरोबर दोन तासांनी एकदा. शेजारी काय खाल्लं ते लिहा. एका दिवशी बशीभर पोहे, दुसऱ्या दिवशी मुगाचं धिरडं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पोहे पण अर्धी बशी. दोन आकड्यांतला फरक बघा, एकट्या आकड्याकडे बघू नका. आठवड्याअखेर ‘मी वाईट’ याऐवजी ‘पोह्यांनी इतकी वाढते, धिरड्याने इतकी’ असं काहीतरी हाती लागतं. (इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर एक लक्षात ठेवा: छातीत धडधड, घाम, हात थरथरणं हे घाबरल्यावरही होतं आणि शुगर उतरल्यावरही. अंदाज बांधू नका, मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.)

बाकी सगळं एकदम सुरू करण्याच्या फंदात पडू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग तयार केला. तो बहुतेकदा डॉक्टर नव्हे, तर स्वतः असा आजार असलेली माणसंच घेतात. त्यातला आठवड्याचा बेत आखण्याचा रिवाज उचलण्यासारखा आहे. काय, किती, केव्हा आणि आठवड्यातून किती दिवस, या चारांची उत्तरं एका वाक्यात आली पाहिजेत: ‘सोमवार, बुधवार, शनिवार रात्रीच्या जेवणानंतर १५ मिनिटं गच्चीवर चालेन.’ मग स्वतःला विचारा, हे जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती? ७ च्या खाली उत्तर आलं तर बेत लहान करा, १० मिनिटं, दोन दिवस. ‘रोज तासभर चालणार’ हे बेत फसतात ते आळसामुळे नाही. पहिला दिवस चुकला की उरलेले सहाही सोडून दिले जातात.

तुम्हाला डिप्रेशनही निघालं तर दोन्हींचे उपचार एकत्र व्हायला हवेत. दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम इथल्या चार दवाखान्यांत मधुमेहासोबत डिप्रेशन असलेल्या ४०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्या गटाला त्याखेरीज नियमित चौकशी करणारा एक समन्वयक दिला. दोन वर्षांनी दुसऱ्या गटात मनाचं आणि शुगर-बीपी-कोलेस्टेरॉलचं असं दोन्ही बाजूंनी सुधारलेले रुग्ण जास्त होते. आपल्याकडे असा समन्वयक सहसा मिळत नाही. घरातल्या एकाने महिन्यातून एकदा फाइल घेऊन बसायचं ठरवलं तरी त्यातला थोडा भाग साधतो.

पत्नीला मधुमेह आहे. ताटात गोड दिसलं की मी टोकतो. ती चिडते, आणि मग लपून खाते असा मला संशय आहे. माझं काय चुकतं? (वाचक, नाशिक)

हेतू चांगला आहे, रीत चुकते. मदत करता करता ती जाच होते आणि आजाऱ्याच्या खाण्याचा मुद्दा नवरा-बायकोच्या ताकदीचा होऊन बसतो, या प्रकारावर जेम्स कॉयन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात बरंच लिहिलं आहे. टोकणं आठवडाभर पूर्ण बंद करा. शांत वेळ बघून एकदाच विचारा, ‘मी काय केलं तर तुला सोपं जाईल आणि काय करणं थांबवू?’ प्रत्येकी एक गोष्ट घ्या, पुरे. मग तोंडाने करायची मदत हाताने करा: गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी आणणं, रात्रीचं जेवण साडेआठच्या आत होईल असं बघणं, गोड घरात आणलं तर सगळ्यांसाठी थोडंच आणणं. घरात पाऊल टाकताच ‘आज किती आली?’ हे विचारू नका. शुगर उतरून ती गोंधळली असेल, तेव्हा मात्र परवानगीची वाट न बघता साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आमवात आहे. सांधे बरे असतात त्या दिवशी साठलेली सगळी कामं उरकते, मग तीन दिवस अंथरूण. घरचे म्हणतात, दुखेल तेव्हा थांब. तसंच करते, तरी हेच होतं. (वाचक, कोल्हापूर)

दुखेल तेव्हा थांबणं हीच यातली अडचण आहे. वेदनेवर काम करणारे सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी १९७० च्या दशकात हे मांडलं: दुखण्यानंतर विश्रांती घेतली की विश्रांती हे दुखण्याचं बक्षीस ठरतं, आणि काम म्हणजे दुखणं ही गाठ मनात पक्की होते. पुढे भीतीने माणूस कामच टाळायला लागतो, स्नायू सैल पडतात, थोड्या कामानेही जास्त दुखतं. म्हणून थांबायचं ते घड्याळाकडे बघून, दुखण्याआधी.

रीत अशी. एक काम निवडा, समजा ओट्याशी उभं राहून स्वयंपाक. पाच दिवस, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं जातात ते लिहा. २०, २५, १५, १८, २२ आले तर सरासरी २०. तिचे ८० टक्के, म्हणजे १६ मिनिटं, ही तुमची मर्यादा. सोळाव्या मिनिटाला मोबाइलचा गजर वाजला की पोळी तव्यावर असेल तेवढी उतरवून बसायचं, दुखत नसलं तरी. पाच-दहा मिनिटं बसून वेगळ्या सांध्यांचं काम करा. कणीक मळल्यावर लगेच लसूण सोलायला घेतला तर बोटांना विश्रांती मिळतच नाही. आठवडाभर निभावलं की साधारण १० टक्के वाढवा, म्हणजे दीड-दोन मिनिटं.

हे बहुतेक वेळा मोडतं ते चांगल्या दिवशी. ‘आज बरं वाटतंय तर डबे घासून टाकू’ हा विचार आला की समजा, पुढचे तीन दिवस गेले. वाईट दिवशीही अगदी शून्यावर जाऊ नका, मर्यादेच्या निम्मं करा. दिवाळीच्या फराळासारखं ठरलेलं काम असेल तर ते आधीच आठ दिवसांत वाटून घ्या.

मात्र सांधा गरम, लाल, सुजलेला असेल किंवा सकाळचा आखडलेपणा तासाच्या पुढे रेंगाळत असेल तर हा कामाच्या वाटणीचा प्रश्न नाही, आजार उसळला आहे. संधिवाततज्ज्ञांना कळवा. आणि मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी चालू असेल तर ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बीपी वाढलं की मला डोक्यावरून कळतं. त्या दिवशी गोळी घेतो, एरवी नाही. उगाच रोज कशाला? (वाचक, ठाणे)

कळत नाही. एवढं स्पष्ट लिहावं लागतं, कारण हा समज फार पसरलेला आहे. हॉवर्ड लेव्हेंथल यांच्या गटाने १९८५ मध्ये दाखवलं की ‘बीपी जाणवत नाही’ हे इतरांच्या बाबतीत मान्य करणारे बहुतेक रुग्ण स्वतःचं मात्र आपल्याला कळतं असं मानतात, आणि लक्षणं बघून गोळ्या कमी-जास्त करतात. डोकं जड झालं की मोजायचं, वाढलेलं दिसलं की ‘बघा!’ म्हणायचं. डोकं हलकं असताना कुणी मोजत नाही, म्हणून समज खोटा ठरत नाही.

पडताळा घ्या. सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी मोजा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या पातळीवर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. मशीन सुरू करण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्यापुढे म्हणजे जास्त. अंदाज आणि आकडे शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवा. तोवर गोळी रोज घ्या. विसरत असाल तर ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडा: ‘दात घासले की गोळी.’

डायरीत मनातलं लिहिल्याने आजारात फरक पडतो का? (वाचक, पणजी)

थोडा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत सलग चार दिवस १५-१५ मिनिटं मनावरच्या आघाताविषयी लिहायचं असतं. १९९९ मध्ये दमा आणि आमवाताच्या रुग्णांनी तीन दिवस २०-२० मिनिटं असं लिहिलं, चार महिन्यांनी त्यांची तब्येत साध्या, भावना नसलेल्या विषयावर लिहिणाऱ्यांपेक्षा बरी निघाली. पुढे बरेच अभ्यास एकत्र पाहिले तेव्हा परिणाम लहान दिसला. फुकटचं आहे, करून बघा. काय घडलं, काय वाटलं आणि त्यातून काय उमगतं, हे तिन्ही लिहा. नुसती तीच तक्रार रोज उगाळली तर मन आणखी अडकतं. लिहिल्यावर तास-दोन तास जड वाटेल, म्हणून झोपायच्या आधी नको. कागद फाडून टाकला तरी चालेल. दुःख अगदी ताजं असेल तर सध्या थांबा.

बहिणीला स्तनाचा कॅन्सर आहे. सगळे तिला ‘पॉझिटिव्ह राहा, तरच बरी होशील’ म्हणतात. ती रडली की आम्ही घाबरतो. (वाचक, पुणे)

तिला रडू द्या. रडण्याने गाठ वाढत नाही. या समजामागे एक खरा अभ्यास आहे: डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या ८६ स्त्रियांत आधारगटामुळे आयुष्य वाढल्याचं नोंदवलं. तोच प्रयोग २३५ स्त्रियांवर अधिक काटेकोरपणे झाला आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्य वाढलं नाही. पण ज्यांना आधी जास्त त्रास होता, त्यांचं मन हलकं झालं आणि वेदना कमी जाणवल्या. २००७ मध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा अभ्यास आला. त्यातही मनःस्थिती आणि जगण्याचा काळ यांचा संबंध दिसला नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ या वाक्याने एवढंच होतं की आजार बळावला तर त्याचा दोषही तिच्याच माथी येतो, आणि ती तुमच्यासमोर बोलायची थांबते.

बोलताना ‘काळजी करू नकोस’ऐवजी ‘आज सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?’ असं विचारा. उत्तर बहुधा करता येण्याजोगं असतं: पुढच्या केमोला सोबत कोण, मुलीला काय सांगायचं, सुट्टी किती उरली. रात्री चिंता दाटत असेल तर संध्याकाळी ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त चिंतेसाठी ठेवायची पद्धत आहे. एरवी चिंता आली की चार शब्दांत टिपून त्या अर्ध्या तासावर ढकलायची. झोपेची खोली मात्र ती जागा नको. आणि केमोनंतर १०० च्या वर ताप आला तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात फोन करा.