शंका-समाधान : कॅमेऱ्यात आलेला पाहुणा

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतात. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कळप कोणत्या वाटेने येतात हे पाहण्यासाठी त्यांच्या शेजाऱ्यांनी शेताच्या कडेच्या झाडाला कॅमेरा बांधला होता. एका रात्री त्यात हरणाऐवजी लांब शेपटीचे मोठे मांजर उमटले आणि तो प्यूमा असल्याचे सरकारी खात्याने कळवले. त्या राज्यात प्यूमा नाहीत असे म्हणतात. मग हा आला कोठून? आमच्या सोसायटीची मागची भिंत येऊरच्या जंगलाला लागून आहे. तेथे असा कॅमेरा लावता येईल का?
— एक निवृत्त वाचक, ठाणे

उत्तर : ‘प्यूमा नाहीत’ याचा अर्थ तेथे त्यांची वीण होत असल्याचा पुरावा नाही, एवढाच घ्यावा. विस्कॉन्सिनमधील मूळचे प्यूमा विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नाहीसे झाले. आता अधूनमधून दिसतात ते पश्चिमेकडून आलेले, बहुधा तरुण नर असतात. वयात आलेला नर जन्माचा मुलूख सोडतो आणि मादीच्या शोधात चालत राहतो. साउथ डकोटातील ब्लॅक हिल्समधून निघालेला असाच एक नर मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन ओलांडून थेट कनेटिकटपर्यंत गेला आणि जून २०११ मध्ये तेथे मोटारीच्या धडकेने मेला. वाटेत सापडलेल्या खुणांमधील डीएनए त्याच्याशी जुळला, म्हणून हा सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास उजेडात आला.

ठाणेकरांना यावरून ‘आजोबा’ आठवावा. नगर जिल्ह्यात पकडलेल्या या बिबट्याला २००९ मध्ये गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडले, तर तो महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून, आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. डिसेंबर २०११ मध्ये तोही मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाखाली सापडला. पट्टा नसता, तर येऊरच्या एखाद्या कॅमेऱ्यात तो कोणाला ‘इथलाच’ वाटला असता.

अशा छायाचित्रांत फसगतही पुष्कळ होते. भिंगाजवळून गेलेले पाळीव मांजर वाघाएवढे दिसते. म्हणून जाणकार त्याच झाडापाशी परत जाऊन, जनावर उभे होते तेथे मोजपट्टी धरून, त्याच कॅमेऱ्याने दुसरे छायाचित्र घेतात आणि दोन्ही ताडून पाहतात. प्यूमाच्या बाबतीत शेपटी निर्णायक ठरते. ती जाड, जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबणारी आणि टोकाशी वर वळलेली असते. तिकडच्या बॉबकॅट या लहान रानटी मांजराची शेपटी आखूड असते.

आता आपल्या भिंतीविषयी. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे शिकार बंद आहे, त्यामुळे हंगामाचा प्रश्नच नाही. हे कॅमेरे येथे मुख्यतः बिबट्यांची मोजदाद करण्यासाठी वापरले जातात. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, शिवाय डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते, म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावतात. भिंतीच्या आत, समितीच्या संमतीने आपण एक कॅमेरा जरूर लावावा. भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यान आहे, तेथे वनविभागाच्या परवानगीवाचून खिळाही ठोकू नये. रखवालदार आणि सफाई कामगारही त्यात टिपले जाणार, तेव्हा त्यांना आधी सांगावे.

कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवावा. त्याचे तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नसावे, नाहीतर उन्हाने शेकडो रिकामी छायाचित्रे निघतील. आतील संवेदक हलत्या अंगाची उष्णता आणि मागच्या पार्श्वभूमीची उष्णता यांतील फरक ओळखतो आणि तेव्हाच छायाचित्र निघते. एप्रिल-मे महिन्यांत भिंत तापून अंगाएवढीच गरम होते, त्यामुळे दुपारचे मुंगूस सुटले तर कॅमेऱ्याला दोष देऊ नये. रात्री मात्र तो चोख काम करतो. अदृश्य अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा घ्यावा, कारण साध्या कॅमेऱ्याचे लाल दिवे अंधारात माणसांनाही दिसतात आणि असे कॅमेरे चोरीला जातात.

बिबट्यापेक्षा उदमांजर, रानमांजर आणि सोसायटीतलीच कुत्री अधिक दिसतील. नशीब असेल तर वाघाटीही येईल. जेमतेम दीड किलोची ही रानटी मांजर जगातील सर्वांत लहान मांजरांपैकी एक असून ती या उद्यानात आढळते. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या डबीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाकावी आणि दर पंधरवड्याला बदलावी.