प्रभुभोजनाच्या वेळी मी बाहेर निघून जाते

प्रश्न : मावशी, आमचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. आई अंथरुणाला खिळलेली असताना मी पैशांवरून भांडून घर सोडलं. क्षमा मागायच्या आत ती गेली. भाऊ माझ्याशी बोलत नाही. मी उपास केले, अनाथाश्रमाला पैसे पाठवते, पण मन निवत नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या वेळी, उठून बाहेर जाते. अयोग्य असताना भाकर घेतली तर दंड होईल ना? आधी सुधारेन, मग जाईन.

उत्तर : बाळ, तुझ्या हातून घडलं ते लहान नव्हतं. ‘विसरून जा’ असं मी म्हणणार नाही. पण ज्या वचनाला तू भितेस, ते बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायात आहे. त्याच्या आधीच्या ओळीही वाच. त्या मंडळीत सगळे जेवायला जमले की काही जण आपलं आपलं उरकून घेत, कुणी पिऊन तर्र होई आणि गरीब उपाशी राहत. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल रागावलाय तो गरिबांना लाजवणाऱ्या या वागण्यावर. आपल्या पापासाठी रडणाऱ्या बाईला त्याने उठवून लावलेलं नाही. उलट २८व्या वचनात तो सांगतो, माणसाने आत्मपरीक्षण करावं आणि मग भाकर खावी. तू परीक्षण करतेस आणि दाराकडे वळतेस.

लूकच्या शुभवर्तमानातल्या १५व्या अध्यायातला धाकटा मुलगा आठव. बापाकडून घेतलेला वाटा उधळून तो घरी परतला, तेव्हा वाटेत वाक्यं जुळवत आला होता. त्यातलं एक होतं, मला तुमच्या एखाद्या चाकरासारखं ठेवा. बापाने त्याला तिथपर्यंत पोचूच दिलं नाही, त्याआधीच अंगरखा मागवला. तुझे उपास, तुझे पैसे हे तेच वाक्य आहे गं. लेक म्हणून नको, चाकर म्हणून तरी राहू दे.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांना आसरा दिला. एवढं करूनही मनाला शांती नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. एवढ्या मोठ्या बाईलाही सेवेच्या बळावर देवाचं प्रेम कमावता आलं नाही. ते आहे तसं येऊन घ्यावं लागलं. तू कोणत्या बळावर कमावणार?

आईची क्षमा आता तिच्या तोंडून मिळणार नाही, हे दुःख राहील. त्यासाठी रड, पण प्रभूपासून लांब बसून नको.

या आठवड्यात पाळकसाहेबांना भेट आणि मला लिहिलंस ते सगळं त्यांना सांग. पुढच्या प्रभुभोजनाला जागेवरून उठू नकोस. भाकर पुढे आली की घे. भावालाही फोन कर, पण पात्र ठरण्यासाठी नव्हे. आजारी आईचं सगळं त्याने एकट्याने काढलं आणि ते त्याला कुणीतरी म्हणायला हवं, म्हणून कर. पहिल्या फोनला तो बोलणार नाही कदाचित. महिन्याभराने पुन्हा कर.